मागून कोण बोलायलंय

आमच्या घरात गाडी मी चालवायची आणि सामान यांनी बांधायचं, अशी वाटणी होती. पाहुण्यांना ती उफराटी वाटायची. पण हैदराबादेत जामबागेतल्या शाळेत गणित शिकवायला मी वर्षानुवर्षं स्वतः गाडी चालवत गेलेली, आणि यांचा पाय क्लचवर पडला की गाडी अडून बसलेल्या रेड्यासारखी झटके द्यायची. रिटायर झाल्यावर यांनी जुनी पिकअप घेतली तेव्हा ती चालवणार कोण, हे कुणी विचारलं नाही. मलाही नाही. विकणाऱ्यानं ती आमच्या चिक्कडपल्लीच्या इमारतीच्या सेलरमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, आणून उभी केली, यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खाली जाऊन बघून ये म्हणाले. मी बघून आले आणि विचारलं, भाजीचा धंदा काढायचाय का?

त्यांना धंदा काढायचा नव्हता, बाहेर झोपायचं होतं. भालकीकडच्या शेतकरी घरातला माणूस. लहानपणी सुगीत गाडीखाली घोंगडी टाकून झोपलेला, आणि पुढे सगळी नोकरी सरकारी पंख्याखाली काढलेली. गाडीतच निजायचं, तळ्याकाठी उठायचं आणि स्वतःच्या हातानं चहा करायचा, एवढीच त्यांची हौस होती. आमची लेक म्हणाली, पप्पा, याला ट्रक कॅम्पिंग म्हणतात, आणि तिनं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवले. त्या लोकांच्या गाड्यांना खण होते, खणांना चाकं होती, बटण दाबलं की शेगडी बाहेर यायची. यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि एकच विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण रस्त्यानं जाताना बोलत नाही ना?

बोलणं म्हणजे वाजणं. सामान बोललं नाही पाहिजे, हा यांचा एकमेव धर्म होता. बाकी देवाधर्माचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

पिकअपच्या हौद्यावर पत्र्याचं टप होतं, मागे दोन दारं. आत सुताराकडून फळ्यांचा ओटा करून घेतला. ओट्यावर गादी, ओट्याखाली पेट्या. जड ते पुढे, केबिनला लागून. हलकं ते दाराकडे. पाण्याचा कॅन मधोमध, नाहीतर वळणावर गाडी ओढते. कुदळ, जॅक, ताडपत्री एका बगलेला. भांडं न् भांडं सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या तुकड्यात गुंडाळलेलं. चमचे पायमोज्यात. पेल्यात पेला घालायचा तर मध्ये रुमाल. मी एकदा म्हटलं, एवढ्या मायेनं तुम्ही मला कधी शाल पांघरली नाही. तर म्हणाले, तू वाजत नाहीस. हे त्यांनी कुठल्या तोंडानं म्हटलं देव जाणे, कारण मी दिवसभर वाजतच असते.

रस्त्यात कुठे खुट्ट झालं की ते मान तिरकी करायचे. "थांब, कोण बोलायलंय बघू," म्हणायचे, आणि मला भर रस्त्यात गाडी कडेला घ्यावी लागायची. उतरून, मागची दारं उघडून, कधी डब्याचं झाकण, कधी सांडशी, गुन्हेगार सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. एकदा नारायणगुड्याच्या सिग्नलला आम्ही असेच थांबलो असताना एका बाईनं जवळ येऊन कांद्याचा भाव विचारला. यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, माल संपला अम्मा. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते, आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

रस्ता फारच खराब असला तर ते पुढे बसायचेच नाहीत. हौद्यात जाऊन बसायचे, सामानाजवळ. मग आमचं बोलणं पत्र्यावरून चालायचं. माझ्या पाठीमागे केबिनच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोन वेळा टकटक केलं की थांब. उघड्या तळव्यानं एक थाप मारली की चल. यापलीकडे आम्हाला शब्द लागले नाहीत. लग्नाची पहिली कितीतरी वर्षं आम्ही मोठमोठ्यानं बोलून एकमेकांना काही कळवू शकलो नव्हतो, आणि म्हातारपणी एका पत्र्यानं ते काम केलं.

त्यांच्या घरचा आणखी एक नियम होता. कडब्याची गाडी भरायला घरचे सगळे भाऊ लागायचे, पण दोराची शेवटची गाठ जो मारील तोच मुक्कामी पोचल्यावर दोर सोडणार. कारण ताण कुठे आहे ते त्याच्याच हाताला ठाऊक. भलत्यानंच सोडला तर सगळा भार अंगावर येतो. एका चुलत्याचा पाय असाच कायमचा अधू झाला होता म्हणे. गाडीबैल गेले, शेत वाटणीत गेलं, पण हा नियम यांच्याबरोबर हैदराबादला आला आणि आमच्या सेलरमध्ये राहिला. सहलीहून आल्यावर मी किंवा लेक मदतीला गेलो की हात बाजूला करायचे. शेवटची गाठ माझी आहे, म्हणायचे. मग एकटेच सगळं सोडायचे, धुवायचे, गच्चीवर उन्हात टाकायचे, तुकडे घड्या घालून ठेवायचे.

शेवटची गाठ नेहमी तव्याची असायची. त्याला कारण मीच. निघायच्या दिवशी वाटेत खायला मी धपाटे करायची, आणि आमच्या घरी धपाट्यांचा तवा एकच, लोखंडी, यांच्या आईच्या हातचा. म्हणून बाकी सगळं भरून झालं तरी तवा वर चुलीवर असायचा. शेवटचा धपाटा उतरला की ते तवा निववून, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून खाली न्यायचे. सगळ्या सामानावरून आलेला दोर केबिनच्या मागच्या कड्यापाशी संपायचा. गादीवरून रांगत तिथपर्यंत जायचं, तवा उभा करून पत्र्याला लावायचा आणि दोराच्या टोकानं आवळायचा. की झालं. मग निघायचं.

त्या दिवशी विकाराबादच्या पलीकडच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. तिथे आम्ही आधीही गेलो होतो, पण पाणी भरलेलं असताना नाही. दुपारी मी धपाटे डब्यात भरत होते. हे तवा घेऊन खाली गेले आणि थोड्या वेळानं वर आले. गुडघ्यांना गादीवरची धूळ लागलेली होती. मी विचारलं, झालं? ते म्हणाले, "झालं. जरा पडतो, मग निघू."

ते पडले ते उठलेच नाहीत. मी चहा टाकून हाक मारायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून होते, आणि चादर पायाशी तशीच घडी घातलेली होती.

घरात चूल पेटवायची नव्हती आणि लांबून लोक आले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच धपाटे खाल्ले. कुणीतरी मला म्हणालं, छान झालेत. मी त्या बाईचं तोंड आजही विसरलेले नाही, आणि तिची काही चूक नव्हती हेही मला कळतं.

तेराव्याला मोठ्या नणंदबाई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, भालकीहून सगळी तयारी करून आल्या. दानासाठी गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, तांब्या, कंदील. जाणाऱ्याला पुढच्या वाटेवर लागतं ते सगळं, नवं कोरं. हॉलमध्ये ते मांडलेलं मी एकेक करून मोजलं. गादी, पांघरूण, छत्री, तांब्या, दिवा. हेच तर सगळं खाली गाडीत भरलेलं होतं. हीच यादी ते दर सहलीला तोंडपाठ म्हणायचे. त्यात फक्त तव्याची भर.

आक्कांच्याही ते लक्षात आलं असणार. त्या म्हणाल्या, खालचंही देऊन टाकू, त्याच्या हातचं आहे, नाहीतर जीव त्यात घुटमळत राहतो. दोन नातेवाईक माझ्या आधी खाली पोचले आणि त्यांनी मागची दारं उघडली. मी पायऱ्यांवरून ओरडत उतरले. कशालाही हात लावू नका, म्हटलं. शेवटची गाठ त्यांची आहे. ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं.

माझ्या मागून उतरलेल्या आक्कांनी त्या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यांच्याच बापाचा नियम होता. दारं लावली. आणि मी जिंकले असं मला वाटलं.

मग लक्षात आलं की मी काय करून बसले. ज्यानं बांधलं तो आता कधीच सोडायला येणार नव्हता. मग हे सामान असंच राहणार. मी घरात दुसरा तवा आणला, त्याच्यावर पोळ्या चिकटायच्या, पण खालचा तवा काढून आणावा हे माझ्या मनातही आलं नाही. तो गाठीत होता. गाठ यांची होती. या घरात त्यांनी केलेलं आणि अजून कुणी न मोडलेलं तेवढंच एक उरलं होतं. त्यांचा अंथरुणावरचा खड्डासुद्धा आक्कांनी चादर झटकून घालवला होता.

गाडी उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून मी ती अधूनमधून फिरवून आणायची. पहिल्यांदा बाहेर काढली ती बाजारापर्यंत. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. ब्रेक दाबला, आणि माझ्या पाठीमागे पत्र्यावर टकटक झालं.

दोनदा. बोटाच्या पेरानं केल्यासारखं, केबिनच्या मागे, जिथे ते करायचे तिथेच.

मी थांबले. विचार करून थांबले नाही, पाय आपोआप ब्रेकवरच राहिला. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, मग शिवी दिली, मग वळसा घालून निघून गेला. मी आरशात बघितलं. आरशात टपाचा पत्रा आणि भाजीची गाडी, एवढंच दिसत होतं.

मी गणिताची बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. सामान थोडं सैल पडलं असेल, लाकूड उन्हानं आकसतं, हे मला कळत होतं. पण मग हेही आठवायचं की त्यांचं सामान बोलत नाही. चुकून बोललंच तर ते तिथल्या तिथे गप्प करायचे. पत्र्यावरून बोलायचे ते तेच.

त्यानंतर ते नेहमीच झालं. दर वेळी नाही, आणि तेच वाईट होतं. साध्या रस्त्यावर गप्प. खड्ड्यात चाक गेलं किंवा जोरात थांबावं लागलं की टकटक, आणि मी थांबायची. एखाद्या दुकानासमोर थांबवलं तर मी त्या दुकानाकडे बघत राहायची, इथे काय हवंय तुम्हाला, म्हणून. खरं सांगायचं तर मी टकटकीची वाट बघायला लागले. ती नाही झाली तर मुद्दाम ब्रेक दाबायची. बाजारात जायचं निमित्त काढायची. घरी फ्रिजमध्ये कोथिंबीर सडत होती आणि मी कोथिंबीर आणायला निघालेली असायची.

थांबल्यावर पुढची थाप कधीच यायची नाही. चल म्हणणारं कुणी नव्हतं. दर वेळी मलाच कधीतरी निघावं लागायचं.

लेक एकदा माझ्याबरोबर बसली होती. नारायणगुड्याच्या चौकात टकटक झालं आणि मी सिग्नल हिरवा असताना थांबले. ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "मम्मी, कैकू थांबली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पप्पांनी सांगितलं.  घरी आल्यावर तिनं ठरवल्यासारखं सांगितलं की ही गाडी आता नक्को. तू कुठेतरी मध्येच थांबशील आणि मागून लॉरी येईल. मी वाद घातला नाही, कारण तिचं चुकत नव्हतं.

तिनं गिऱ्हाईकही शोधलं. तिच्या ऑफिसातलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, कॅम्पिंगचं वेड असलेलं. त्यांना गाडी सामानासकट हवी होती. काही काढू नका आंटी, जसं आहे तसं द्या, आम्ही येऊन उघडतो, असा त्यांचा निरोप. चांगली पोरं असतील. पण मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की ती मुलगी गादीवरून रांगत जाते आहे आणि नेलपॉलिश लावलेल्या बोटांनी यांची गाठ सोडते आहे. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि मी स्वतः ती सोडणं त्याहून सहन होण्यासारखं नव्हतं. ती सुटली की यांचं काही बांधलेलं जगात उरणार नव्हतं.

ते लोक रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी लेक झोपलेली असताना मी किल्ली घेतली आणि निघाले. सामान सोडायचा विचार नव्हता. जिथे निघालो होतो तिथपर्यंत एकदा जाऊन यावं, एवढंच मनात होतं. धपाटे केले नाहीत. वाटेत इडली खाल्ली.

शहराबाहेर पडेपर्यंत ते गप्प होते. विकाराबाद सोडल्यावर प्रत्येक गावाच्या आधी आणि नंतर स्पीडब्रेकर, आणि प्रत्येकाला टकटक. मी प्रत्येकाला थांबले. एका ठिकाणी म्हशी होत्या, एका ठिकाणी शाळा, एका ठिकाणी काहीच नव्हतं, नुसतं तुरीचं रान. तिथे मी बराच वेळ इंजिन बंद करून बसले. शेवटी चिडले. मोठ्यानं म्हटलं, अहो, पोचू तरी द्या.

तळ्याशी पोचल्यावर आम्ही नेहमी करायचो तशी गाडी उलटी घेतली, म्हणजे मागची दारं पाण्याकडे. पाणी भरलेलं होतं, पार बाभळीच्या बुंध्यापर्यंत. दारं उघडली. आत अजून त्यांच्या तेलाचा, ताडपत्रीचा आणि लुगड्यांचा वास होता. दोर पेटीपेटीला वेढा घेत सगळ्या सामानावरून ताठ गेलेला. त्याला मी हात लावला नाही. नुसतं तिथे बसून पाणी बघायचं आणि परत फिरायचं, असं ठरवून मी गादीवर टेकले. मग वाटलं, निदान गाठ तरी बघून येऊ. उद्या ती परक्याची होणार.

गुडघे दुखतात माझे. गादीवरून रांगत पुढे गेले. पुढे अंधार असतो, म्हणून मोबाइलचा दिवा लावला.

गाठ नव्हती.

दोर कड्यातून ओवलेला होता आणि त्याचं टोक लोंबत होतं. लुगड्याचा तुकडा तव्याच्या एका कानावर अर्धा गुंडाळलेला, अर्धा खाली घसरलेला. तवा नुसता पेटीला टेकून उभा होता, मोकळा. त्याच्या समोर केबिनच्या पत्र्यावर रंग उडून नखाएवढ्या दोन खुणा पडल्या होत्या, जवळजवळ. मी तवा बोटानं पुढे लोटला. टक झालं. मागे येऊन तो पेटीला लागला आणि पुन्हा पुढे गेला. टक.

मी तिथेच बसले. आधी राग आला, आणि तो यांच्यावर. झालं म्हणाले होते. सामानाबाबत हा माणूस मला कधी खोटं बोलला नव्हता, आणि शेवटचा शब्द खोटा. दोर हातात घेतला असेल, तुकडा गुंडाळायला लागले असतील, आणि तेव्हाच छातीत काहीतरी झालं असेल. इथे, या अंधारात, गुडघ्यांवर. किती वेळ बसले असतील? मला हाक मारायला काय झालं होतं? मग माझ्या मनात ते आलं, जे अजूनही कधी कधी दुपारी येतं. त्यांनी केलीही असेल टकटक. पेरानं, दोनदा, पत्र्यावर. आणि पुढे चालवायला कुणी बसलेलंच नव्हतं. मी वर धपाटे भरत होते.

रडून झाल्यावर मी आक्कांना फोन लावला. दुसरं कुणाला लावणार? हे कळणारं जगात तेवढंच माणूस उरलेलं. मी म्हटलं, आक्का, गाठ मारलीच नव्हती हो त्यांनी. दोर नुसता लोंबतोय.  मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"मग तू मार की," त्या म्हणाल्या. "बांधल्याबिगर सोडायला येतंय का कुठं? गाठ मार, घरी ने, आन् सोड."

त्या हे इतक्या साधेपणानं म्हणाल्या, भाजीत मीठ घाल म्हणावं तसं. मी फोन ठेवला. तवा पुसला. त्यावर गंज चढला होता, तो पदरानं निघेल तेवढा काढला. लुगड्याचा तुकडा झटकून तव्याभोवती फिरवला, दोन्ही पदर आत घातले, जसे ते घालायचे. इतकी वर्षं बघत होते, पण हातानं कधी केलं नव्हतं. तवा पत्र्याला लावला. दोराचं टोक त्यावरून ओढून कड्यात घातलं आणि पाय टेकवून आवळलं. त्यांची गाठ मला येत नाही. मी आपली साधी मारली, वर आणखी एक.

येताना गाडी बोलली नाही. तोच रस्ता, तेच स्पीडब्रेकर, त्याच म्हशी. शाळेपाशी मी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. काही नाही. तुरीच्या रानाशी गाडी कडेला घेऊन थांबले आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. दहनाच्या दिवशी मला लोक म्हणत होते, गेले ते, आता सावर स्वतःला. मला ते पटलं नव्हतं. त्या रानाशी पटलं. मी गाठ नीट मारली होती आणि मागे कुणीही नव्हतं. एवढी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते, त्यांच्या मरणाच्या दिवशीसुद्धा नाही. मग घरी जायचं होतं म्हणून निघाले.

लेक सेलरमध्ये उभीच होती, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, चेहरा पांढरा. बोलणी खाल्ली. मोबाइल कैकू उचलत नाही, वगैरे. मग मी तिला पत्र्यावरच्या दोन खुणा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. ती हौद्यात रांगत गेली, खुणांवरून तिनं बोट फिरवलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, मम्मी, मी सोडू का? मी म्हटलं, नको. शेवटची गाठ माझी आहे.

मी सोडली. घट्ट झाली होती, दात लावावे लागले. गाठ सुटल्यावर दोर ढिला झाला आणि सगळं सामान एकदम सुस्तावल्यासारखं झालं. अंगावर काही आलं नाही. मग एकेक काढत गेलो. तवा, पेटी, पायमोज्यातले चमचे, मध्ये रुमाल घातलेले दोन पेले. वळकटी, कंदील, कॅन. कॅनमधलं पाणी त्यांनी भरलेलं होतं, ते लेकीनं इमारतीसमोरच्या कडुलिंबाला घातलं. तुकडे गच्चीवर उन्हात टाकायला बाजूला काढले. उद्या त्या पोरांना गाडी द्यायची की नाही हे मी अजून ठरवलं नव्हतं. सामान द्यायचं नाही, एवढं ठरलं होतं.

हौदा रिकामा झाला. झाडून घेतला. दारं लावली, कडी घातली. आणि मग मी उघड्या तळव्यानं गाडीच्या अंगावर एक थाप मारली.

लेकीनं दचकून पुढे बघितलं. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं.

"कुणाला, मम्मी?" तिनं विचारलं.

"तुझ्या पप्पांना," मी म्हटलं.

 मग तिनं तवा उचलला, मी पेले घेतले, आणि आम्ही वर गेलो.